दाताळ्याची पाळी

पल्लवीचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका ब्लाउजला काजं करत बसले होते. हुमनाबादला बसस्टँडच्या मागं माझं शिवणाचं दुकान आहे, आणि संध्याकाळच्या वेळी हायवेवरून लॉऱ्यांची अशी रांग लागते की फोनवरचं बोलणं दोनदा ऐकल्याशिवाय कळत नाही. पल्लवी माझी भाची, थोरल्या भावाची मुलगी. "आत्या, आईच्या हिरड्यातनं रक्त यायलंय... थांबंना," ती म्हणाली. मी विचारलं, पडली का, कुठं लागलं का. तसं काही नव्हतं. दुपारी माळावर गवत गोळा करताना बोटाला काहीतरी टोचलं होतं. कुसळ असेल म्हणून आईनं बोट पदराला पुसलं, राहिलेले भारे बांधले, डोक्यावर घेऊन घरी आली, आणि आता हात कोपरापर्यंत सुजला होता. कुसळ म्हणजे माळावरच्या गवताचं सुईसारखं टोकदार बी. ते आमच्याकडच्या बायकांच्या बोटांत रोजच घुसतं, त्याचं कुणी मनावर घेत नाही. पण कुसळानं हिरड्यांतून रक्त येत नाही. मी तिला म्हटलं, हे फुरसं आहे, मिळेल त्या गाडीनं उदगीरला न्या, मी तिकडंच येते. फुरसं हा मुरमाड जमिनीतला लहानसा साप, मातीच्याच रंगाचा. त्याचं विष सावकाश चढतं, आणि त्या सावकाशपणातच माणूस हातचं जातं. उदगीरच्या डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं, मी डोळ्यांनी पाहिलं, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण लघवी बंद झाली ती झालीच, आणि काही दिवसांनी, उजाडता उजाडता, माझी वहिनी गेली. सुलोचना तिचं नाव. त्याला आता काही आठवडे झाले. भेटायला येणारे मला सांगतात की बाई, आता राग सोड, नशिबापुढं कुणाचं चालत नाही. मी नशिबावर रागावलेलीच नाही. मी कुणाकुणावर रागावले आहे ते मला नीट ठाऊक आहे, आणि तेच इथं लिहिणार आहे.

आमचं गाव ठाणाकुशनूरच्या अलीकडं, औरादच्या बाजूला. आजोबांच्या वाट्याला जी जमीन आली ती माळाची उतरण. एकसलग वाफा असा नाहीच, सगळे तुकडे, एक वर, एक खाली, मधे बांध, मधेच जमिनीतून वर आलेला तांबड्या दगडाचा कातळ. जिथं माती धरून आहे तिथं तूर, ज्वारी होते, आणि बाकी सगळं गवत. दिवाळीनंतर माळ पिवळा पडला की गवत विळ्यानं कापायचं, जागच्या जागी वाळू द्यायचं, मग गोळा करून भारे बांधायचे. त्यावर उन्हाळाभर म्हशी जगतात. कापायला पुरुष येतात कधीमधी. गोळा करायला मात्र बायकाच. कमरेत वाकून, दोन्ही हातांनी कवेत घेत घेत, दिवसभर. माझी आई करायची, मीही लग्नापर्यंत केलं, आणि वहिनी सून म्हणून आली तेव्हा तिच्याकडंही तेच आलं. तिचं माहेर हळ्ळीखेडचं. तिथं जमीन सपाट, काळी. पहिल्या वर्षी आमचा माळ बघून तिनं आईला सरळ विचारलं होतं, "मामी, हे शेत हाय का दगडाची खाण?" आईला राग आला होता. मला मात्र ती तेव्हाच आवडली.

तशी ती गोड स्वभावाची नव्हती. मेल्यावर सगळी माणसं गोड होतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते. भांडायला ती कधी मागं हटायची नाही. बसमधे कंडक्टरनं सुट्टे दिले नाहीत तर ती स्टॉप आला तरी उतरायची नाही आणि ड्रायव्हरलाही गाडी हलवू द्यायची नाही. माझ्याशी एकदा एका पेटीवरून ती अख्खा उन्हाळा बोलली नव्हती, आणि पावसाळ्यात एक दिवस दारात येऊन, जणू काही झालंच नाही अशी, चहा टाक म्हणाली होती. मराठी, कानडी, दखनी, तिन्हींत भांडायची आणि तिन्हींत हसायची. माझा भाऊ माणिक, त्याला आम्ही अण्णा म्हणतो, तो तिच्या अगदी उलटा. चार माणसांत गेला की मान खाली घालून जे चाललंय त्याला हो म्हणणारा. घरात मात्र त्याचा आवाज मोठा. मी माझ्या भावाबद्दल हे छापायला देते आहे, आणि तो हे वाचेल हेही मला माहीत आहे.

गवत हातानं गोळा करायचं नाही, हे वहिनीच्या डोक्यात कधीपासून होतं. कंबर तर जायचीच, पण तिचं मुख्य म्हणणं वेगळं होतं. दोन-तीन दिवस वाळत पडलेल्या गवताखाली विंचू, सापसुरळ्या, फुरशी सावलीला येऊन बसतात. "गवतात हात आदी जातो, डोळे मागनं जातात," असं ती म्हणायची. तिला दाताळं पाहिजे होतं, गवत लांबूनच ओढायचं दातांचं अवजार. आधी तिनं उदगीरच्या बाजारातून लोखंडी आणलं, बागेत माती सारखी करायला वापरतात तसलं. ते आमच्या माळावर चालेना. जड तर होतंच, वर त्याचे दात आखूड आणि ताठ, ते मुरमात रुतायचे, आणि गवताबरोबर मातीखडे ओढून आणायचे. असलं मातकट गवत म्हशींपुढं टाकलं की त्या फुरफुरून तोंड फिरवायच्या. मग तिनं बुरडाकडून बांबूचं करून घेतलं. ते हलकं होतं, पण पहिल्याच मोसमात त्याच्या कांबी चिरल्या. दोन्ही वेळा अण्णा तिला हसला. दोन्ही वेळा तिनं फसलेलं दाताळं घरासमोरच ठेवलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं, आणि कुणी विचारलं की कशामुळं फसलं ते सांगत बसली.

शेवटी आम्ही दोघी हळ्ळीखेडला तिच्या माहेरच्या ओळखीच्या सुताराकडं गेलो. दुकान बंद ठेवून मी तिच्यासोबत गेले, कारण तिचं मोजमाप चांगलं नव्हतं आणि माझं तर कामच मोजमापाचं. सुतारानं आधी ऐटीत एक लांबरुंद फळी काढली, म्हणाला, अक्का, जितकं रुंद तितकं एका ओढीत जास्त गवत येईल. वहिनीला ते पटलं होतं. मीच म्हटलं की रुंद फळी खड्ड्यावर आडवी बसेल आणि खड्ड्यातलं गवत तसंच राहील, आमचं रान कुठं सरळ आहे. ती माझ्याशी वाद घालायला लागली. सुतारानं अंगणात, विटांचे तुकडे पडले होते तिथं, फळी ओढून दाखवली, तेव्हा ती म्हणाली, बरं, तुझं खरं. मग फळी अरुंद घेतली, तिला बाभळीचे दात बसवले, जरा पुढं झुकलेले, म्हणजे जमिनीत न रुतता वरून सरकतील. दात खिळ्यांनी ठोकायचे नाहीत, भोकात घट्ट बसवायचे, म्हणजे मोडला तर घरी नवा तासून बसवता येईल, हे तिनं सांगितलं. दांडा तिच्या हनुवटीला लागेल एवढा. सुतार म्हणाला, एवढा लांब कशाला, जड होईल. ती म्हणाली, "मला गवतापासनं लांब उभारायचंय." ते दाताळं चाललं. पहिल्याच वर्षी गल्लीतल्या बाया बघायला आल्या आणि मागून नेऊ लागल्या. मग पाळ्या लागल्या. आज तुझ्याकडं, उद्या माझ्याकडं.

एका दाताळ्यावर गल्ली चालत नाही. तसली आणखी करून घ्यायची तर सुतारकाम आलं, लाकूड आलं. म्हणून वहिनीनं गावच्या दूध सोसायटीकडं मागणी केली. दूध काढायचं बायकांनी, घालायचं बायकांनी, पण सभासद सगळे पुरुष आणि पंच कमिटीत तर पुरुषच. अण्णा त्या कमिटीत होता. त्या वर्षी सोसायटीनं चारा-वैरणीच्या कामासाठी काही अवजार घ्यायचं ठरवलंच होतं. वहिनी दाताळं खांद्यावर घेऊन मीटिंगला गेली. चेअरमननी तिचं सगळं ऐकून घेतलं, चहा दिला, आणि मग एक रंगीत कागद पुढं ठेवला. त्यावर ट्रॅक्टरमागं जोडायची मशीन होती. मोठमोठी चाकं, त्यांना सगळीकडून तारेची बोटं, ट्रॅक्टर चालला की चाकं फिरतात आणि गवताची ओळ लागत जाते. चेअरमन म्हणाले की आता लाकडी दाताळ्याचे दिवस गेले, शेजारच्या गावानं असलं काही घेतलं नाही, आपण पहिले. वहिनीनं विचारलं, आमच्या तुकड्यात ट्रॅक्टर वळणार कुठं? मशीन चांगली का वाईट याच्याशी तिचं भांडणच नव्हतं. सपाट रानात ती चांगलीच असेल, असं ती म्हणाली सुद्धा. पण ज्यांच्यासाठी घ्यायची त्यांचं रान तरी बघून या, एवढंच तिचं मागणं होतं. रान बघायला कुणी आलं नाही. चेअरमननी हात वर करायला सांगितले आणि सगळ्यांचे हात वर झाले. अण्णाचाही झाला. त्याच्या शेजारी, दाताळं धरून, त्याची बायको उभी होती.

त्या दिवशी तिनं घरी येऊन भांडण केलं नाही याचं मला नवल वाटलं होतं. तिनं त्याला एवढंच विचारलं, कामून हात वर केलाव? अण्णा म्हणाला, सगळे करत होते, मी एकटा काय वेगळा दिसू. ती म्हणाली, "तुमी दिसायचं बघायलाव. वाकायलेय मी." हे तिनंच मला नंतर सांगितलं, आणि सांगताना पुन्हा चिडली.

मशीन आली, तिला हार घातला, नारळ फोडला. पहिल्यांदा ती रस्त्याकडेच्या चेअरमनच्या रानात फिरवली. ते रान सपाट आहे. तिथं खरोखर सुंदर ओळी लागल्या, मी गावी होते तेव्हा, मी पाहिल्या. मग आमच्या बाजूला आणली. पहिल्या तुकड्यात ट्रॅक्टरला वळायला बांध फोडावा लागला. दुसऱ्यात एक चाक खड्ड्यावर अधांतरी फिरत राहिलं आणि दुसरं उंचवट्यावरचा मुरूम खरवडत गेलं. कातळापाशी तारेची बोटं तुटली. ड्रायव्हरनं हात टेकले आणि मशीन माघारी नेली. ती तेव्हापासून चेअरमनच्या वाड्याबाहेर ताडपत्रीखाली असते, रस्त्याकडेच्या रानांपुरती बाहेर निघते. पुढं उन्हाळ्यात एकदा वहिनी म्हशींना वैरण टाकत होती तेव्हा त्या गवतात तारेचं तुटकं बोट सापडलं, चांगलं करंगळीहून लांब. म्हशीच्या पोटात गेलं असतं तर म्हैस गेली असती. ती तार घेऊन ती सोसायटीत गेली आणि टेबलावर ठेवली. चेअरमन म्हणाले, कंपनीला कळवू. अण्णा तिथंच बसला होता. तो तारेकडं बघत राहिला. बायका पुन्हा हातांनी गवत गोळा करू लागल्या, आणि दाताळ्याच्या पाळ्या पुढं चालू राहिल्या.

या वर्षी त्या दिवशी पाळी वहिनीचीच होती. पण आमच्या शेजारी कोंडाबाई राहते, वयानं थकलेली, घरात करणारं कुणी नाही. पूर्वी तिच्या घरच्यांची मेंढरं असायची, आता एक म्हैस आणि माळाचा एक तुकडा आहे. तिच्या कमरेत उसण भरली होती. वहिनीनं सकाळी दाताळं तिच्या दारात नेऊन ठेवलं आणि स्वतः हातानं गोळा करायला गेली. मला वहिनीचा सुद्धा राग येतो. ज्या दाताळ्यासाठी एवढी वर्षं भांडली, ते कुणाला तरी देऊन स्वतः गवतात हात घालायचा... एक दिवस थांबली असती तर गवत काही उडून जाणार नव्हतं. हे मी तिला दवाखान्यात बोललेच. सलाईन चालू होतं, दंडापर्यंत हात काळानिळा पडला होता, आणि मी तिच्या उशाशी बसून तिच्यावर ओरडत होते. ती म्हणाली, "कोंडाबाईला काई म्हनू नका. तिला वाटंल तिच्यामुळं झालं." मग थोड्या वेळानं, डोळे मिटूनच, "तुझ्या भावाला पन काई म्हनू नको. त्याला जमत न्हाई." पहिलं मी पाळलं. दुसरं पाळण्याचं वचन मी तिला दिलं नव्हतं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम विहारात झाला. त्रिसरण पंचशील झालं, जेवणाआधी चार माणसं बोलली. चेअरमन पण आले होते, पांढरेशुभ्र कपडे, त्यांना पहिल्या रांगेत बसवलं होतं. ते छान बोलतात. सुलोचनाताई म्हणजे कष्टाची मूर्ती, म्हणाले. गावातल्या बायकांचा आवाज, म्हणाले. एका मुक्या जिवानं डाव साधला, नियतीपुढं आपण काय करणार... त्यांचं दुःख खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण मला तिथं बसवेना. मी उठले. माझा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. मी विचारलं, "मशीन कुठं हाय?" आधी कुणाला कळलंच नाही. मी म्हटलं, गवत गोळा करायची मशीन कुठं आहे, तिची चाकं आमच्या रानात का फिरली नाहीत, आणि फिरत नव्हती तर मग बायकांच्या हातात काय दिलं? चेअरमन खालच्या आवाजात म्हणाले, ताई, ही वेळ नव्हे. मी म्हटलं, मग कवा? मीटिंगमधे आम्हाला बोलवत नाही, आणि बोलवलं तर हात वर करून मोकळे होता. "माझी वैनी सापानं मेली न्हाई. ती तुमच्या हातांनी मेली, आणि त्यात माझ्या भावाचा बी हात हाय." कुणीतरी मला खाली बसवलं. अण्णा मागच्या भिंतीला टेकून बसला होता. त्यानं वर पाहिलं नाही. जेवणाच्या पंगतीत माझ्या ताटाशेजारी कोंडाबाई येऊन बसली, पण ती जेवली नाही.

त्यानंतर सोसायटीनं घाईघाईनं ठराव केला. घरटी एक दाताळं द्यायचं, हळ्ळीखेडच्याच सुताराकडून, वहिनीच्या मापाचं. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण वर असंही ठरलं की प्रत्येक दांड्यावर तिचं नाव रंगवायचं आणि वाटपाचा फोटो काढायचा. पल्लवीनं फोनवर हे सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात पुन्हा तिडीक गेली. जिवंतपणी जिला खुर्ची दिली नाही तिचं नाव आता लाकडावर रंगवणार. मी रागारागानं जायला निघाले होते, पण बायकांनीच निकाल लावला. त्यांनी सांगितलं, दाताळी घेऊ, नाव नको, फोटो नको. कोंडाबाई सगळ्यांच्या पुढं उभी होती असं म्हणतात. दाताळी आली. दांडे कोरे आहेत. या मोसमातलं उरलेलं गवत त्या दाताळ्यांनीच गोळा झालं, आणि आमच्या गल्लीत आता पाळी नाही.

मागच्या आठवड्यात मी गावी गेले ती अण्णाशी एकदा समोरासमोर बोलायचं ठरवूनच. विहारात चारचौघांत बोलले होते, तिथं त्याला उत्तर द्यायची वेळ आली नव्हती. आता त्यानं द्यावं, हात का वर केला ते मला सांगावं, एवढंच मला पाहिजे होतं. दिवस कलायला लागला होता. घरात पल्लवी भाकरी करत होती, बापाला ती अप्पा म्हणते, म्हणाली, अप्पा गोठ्यात आहेत. मी गोठ्याच्या दाराशी गेले आणि तिथंच थांबले. अण्णा म्हशीखाली बसला होता, आणि त्यानं वहिनीचं हिरवं लुगडं डोक्यावरून, खांद्यावरून गुंडाळून घेतलं होतं. तिच्यासारखा पदर दातांत धरला होता. म्हैस पान्हा सोडत नव्हती, पल्लवीनं नंतर सांगितलं, आई गेल्यापासून कुणाला जवळ येऊ देईना, म्हणून अप्पा रोज आईचं लुगडं पांघरतात, कुणी बघितलं तरी पांघरतात. तेवढ्यानंही भागत नाही. बोलावं लागतं. पदर सोडून तो म्हशीशी बोलत होता, वहिनी बोलायची तेच, तसंच लांबवून, "ये माय... सोड की गं... दमलीस का माय..." इतका मऊ आवाज. तो तिचा नवरा होता तेवढ्या सगळ्या वर्षांत या आवाजात तो तिच्याशी बोललेला मी ऐकला नाही. चरवीत पहिली धार वाजली. त्याला मी आलेली कळली असावी, कारण त्याचे खांदे जरा आवळले, पण तो वळला नाही, थांबलाही नाही, बोलतच राहिला. मी ठरवून आणलेलं तसंच माझ्यापाशी राहिलं. माझा राग गेला नाही, तो मी परत हुमनाबादला घेऊन आले. पण दूध काढून होईपर्यंत मी दारातच उभी राहिले, कारण डोळे मिटले की आत वहिनी होती.